खुर्चीसमोरचा माणूस : डॉ. जब्बार पटेल यांचे राजकीय चित्रपट

‘सामना’मध्ये निळू फुले सत्तेच्या खुर्चीत आहेत आणि डॉ. श्रीराम लागू त्यांना प्रश्न विचारतात. चार वर्षांनी ‘सिंहासन’ आला. त्यात लागू खुर्चीसाठी डाव टाकतात आणि प्रश्न विचारायचं काम निळूभाऊंकडे येतं. दोन्ही चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांचे, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. नटांची ही अदलाबदल ठरवून केलेली असो वा नसो, या दिग्दर्शकाकडे पाहण्याची गुरुकिल्ली मला तिच्यात सापडते. मंत्री, आमदार, साखरसम्राट यांची टर उडवणारे चित्रपट मराठीत पुष्कळ झाले. पटेलांचं लक्ष मात्र खुर्चीसमोर उभं राहून विचारणाऱ्या माणसावर असतं. तो कोण आहे, तो का विचारतो आणि विचारण्याची किंमत त्याला काय द्यावी लागते, हे ते दाखवतात.

पालघर जिल्ह्यातल्या मासवणसारख्या गावात बसून हे चित्रपट पाहताना ते पन्नास वर्षं जुने वाटत नाहीत. आपल्याकडे ऊस नाही, साखर कारखाना नाही, पश्चिम महाराष्ट्रातला सहकार नाही. पण पाणी आहे. सूर्या नदीचं पाणी मासवणला उचललं जातं, धुकटणला शुद्ध होतं आणि मोठ्या नळांतून वसई-विरारकडे जातं. धामणीचं धरण झालं ते इथल्या आदिवासी पट्ट्यातल्या शेतीचं नाव घेऊन. पाणी शहराकडे वळवण्याला इथल्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासी संघटनांनी विरोध केला, मोर्चे काढले. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. अशा भागात ‘कोणी ठरवलं?’ हा प्रश्न रोजचा असतो. म्हणून या दिग्दर्शकाची कारकीर्द इथल्या वाचकापुढे नीट मांडावीशी वाटली.

डॉक्टर आणि नाटकवाला

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२चा, पंढरपूरचा. शाळा सोलापुरात झाली, वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात. ते बालरोगतज्ज्ञ झाले आणि पत्नी डॉ. मणी पटेल यांच्याबरोबर दौंडला दवाखाना चालवू लागले. दौंड हे रेल्वे जंक्शनचं गाव. दिवसा रुग्ण तपासायचे आणि तालमीसाठी पुणं गाठायचं, असं ते आयुष्य होतं.

नाटकाचं शिक्षण भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पीडीएत झालं. तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ त्यांनी तिथेच बसवलं. मग १६ डिसेंबर १९७२ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीस घाशीराम सावळदासला कोतवाल करतो, आपलं काम काढून घेतो आणि काम संपल्यावर त्याला जमावाच्या हवाली करतो. सत्ता आपलं हत्यार स्वतः घडवते आणि स्वतःच मोडते, हे त्या नाटकाचं म्हणणं. ते सांगायला पटेलांनी रंगमंचावर माणसांचीच भिंत उभी केली. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण कधी पडदा होतात, कधी जमाव, कधी शहर. नाटक ऐतिहासिक पुरुषाची बदनामी करतं असा आरडाओरडा झाला आणि संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं. तेव्हा नाटकातली तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली. पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ तिच्या नावाने पुन्हा सुरू झालं. १९८०च्या युरोप दौऱ्याच्या वेळी विरोध पुन्हा उसळला, तरीही नाटक परदेशी गेलं.

हा अनुभव चित्रपटांआधीचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा सुरू होण्याआधीच या माणसाने स्वतःच्याच संस्थेत ‘हे दाखवू नका’ असं ऐकलं होतं.

वगाचं देणं

मराठी माणसाने राजाला बोल लावायला चित्रपटापर्यंत वाट पाहिलेली नाही. तमाशाच्या वगात राजा, प्रधान आणि हवालदार शतकभर आधीपासून लोकांपुढे उघडे पडत होते. स्वातंत्र्यानंतर सेवादलाच्या कलापथकांनी तोच साचा निवडणुका आणि पुढारी यांच्यावर वापरला. निळू फुले त्याच मुशीतले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिलं. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादा कोंडके घरोघर पोचले. चित्रपटातही हा उपहास नवा नव्हता. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८चा आणि ‘ब्रँडीची बाटली’ १९३९चा.

या परंपरेचं बळ हसण्यात आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. प्रेक्षक हसून मोकळा होतो, पुढारीही पहिल्या रांगेत बसून हसतो आणि कार्यक्रम संपतो. पटेल आणि तेंडुलकरांनी वगाची नजर घेतली, पण ही सुटका प्रेक्षकाला दिली नाही. त्यांच्या उपहासात हसू येतं ते घशातच राहतं.

‘सामना’ : एका नावाचा प्रश्न

१९७५चा ‘सामना’ कवी रामदास फुटाणे यांनी निर्माण केला. तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी. हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातून मोठा झालेला माणूस. कारखाना त्याचा, बँक त्याची, शाळा त्याची, पोलीसही जवळजवळ त्याचेच. त्याच्या गावात एक दारुडा म्हातारा येऊन पडतो. तो एके काळचा मास्तर, स्वातंत्र्यलढ्यातला, गांधींच्या विचारांचा. हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो, खाऊ-पिऊ घालतो. मास्तरला गावात एक नाव ऐकू येतं, मारुती कांबळे. फौजेतून आलेला हा माणूस गायब झालेला आहे. मास्तर विचारायला लागतो की मारुती कांबळेचं काय झालं. तेवढाच प्रश्न तो सगळ्यांना, सगळीकडे विचारत सुटतो. पुढे तो प्रश्न चित्रपटाबाहेर पडला आणि मराठीत म्हणीसारखा रुळला. दडपलेलं प्रकरण निघालं की वर्तमानपत्रं आजही मारुती कांबळेचं नाव घेतात.

या चित्रपटाची खरी ताकद मला हिंदुरावात दिसते. तो खलनायक म्हणून लिहिलेलाच नाही. तो कर्तबगार आहे, त्याने माळावर कारखाना उभा केला, लोकांना काम दिलं आणि याचा त्याला रास्त अभिमान आहे. मास्तर त्याला मनापासून आवडतो. निळू फुले हा माणूस आवाज न चढवता उभा करतात. विकास केला म्हणून एखाद्या माणसाचा जीव हिशेबातून वगळता येईल, अशी त्याची समजूत आहे. ही समजूत आपल्या आजूबाजूला आजही धडधडीत बोलून दाखवली जाते. बंदर हवं, रस्ता हवा, वीज हवी, मग दोन गावांचं काय घेऊन बसलात, असं म्हणणारा प्रत्येक जण हिंदुरावाचीच भाषा बोलतो.

लागूंचा मास्तरही साधा सज्जन नाही. तो व्यसनी आहे, हरलेला आहे, हिंदुरावाच्याच घरचं खातो. प्रश्न विचारायला आपण लायक आहोत का, ही शंका त्याला स्वतःलाच आहे. पालघरकरांना हे पात्र जास्त जवळचं वाटावं. १४ ऑगस्ट १९४२ला पालघरच्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांचं स्मारक आपण येता-जाता पाहतो. त्या पिढीतले जे वाचले, त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढची तीस वर्षं आपल्याच माणसांचं राज्य पाहिलं. ती तीस वर्षं मास्तरच्या चेहऱ्यावर आहेत. शेवटी हिंदुरावाला जाब द्यावा लागतो, पण मास्तरच्या चेहऱ्यावर विजय उमटत नाही.

मोहन आगाशे यात मारुती कांबळे आहेत आणि एका छोट्या भूमिकेत स्मिता पाटील दिसते. संगीत भास्कर चंदावरकरांचं.

‘सिंहासन’ : मंत्रालयातली शर्यत

अरुण साधू मुंबईतले मुरलेले पत्रकार. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९मध्ये चित्रपट आला. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. जुलै १९७८मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. कादंबरी त्याआधीची, पण प्रेक्षकाने चित्रपट पाहिला तो हे सारं ताजं असताना. मंत्रालयात चित्रीकरणाची परवानगी मिळाली तीही पवार मुख्यमंत्री असताना. सत्तेवरचा इतका तिखट चित्रपट सत्तेच्याच इमारतीत चित्रित होऊ शकला, याचं मोल आजच्या काळात जास्त कळतं.

एका निनावी फोनने सुरुवात होते. सरकार पाडायचा घाट घातला जातोय, असं मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांच्या कानावर येतं. अरुण सरनाईकांनी हा मुख्यमंत्री थकलेला, आजारी आणि तरीही सर्वांच्या पुढे असलेला असा रंगवला आहे. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, म्हणजे लागू, आमदारांची जुळवाजुळव करतात. सतीश दुभाषींचा डिकास्टा हा कामगार पुढारी. त्याच्या हाती संप आहे, म्हणजे मुंबईची नाडी आहे. शिवाय तस्करी आहे, बेकारी आहे, झोपडपट्टी आहे, मंत्र्यांच्या घरातली पडझड आहे. नाना पाटेकरांची सुरुवातीच्या काळातली एक भूमिका इथे आहे.

या सगळ्यांमधून फिरतो तो पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले. त्याला प्रत्येक दालनात प्रवेश आहे. त्याला सगळं ठाऊक असतं आणि त्यातलं फार थोडं छापता येतं. आमदार इकडचे तिकडे जातात, मंत्रिमंडळ बदलतं, जिवाजीराव टिकून राहतात आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. मास्तरला निदान उत्तर मिळालं होतं. दिगूला सगळी उत्तरं आधीच माहीत आहेत आणि त्यांचा कोणाला काही उपयोग नाही. ‘सामना’तलं गाव ते ‘सिंहासन’मधली राजधानी हे अंतर पटेलांनी या एका फरकाने मोजलं आहे. गावात दडवलेलं उघड केलं की काही हलतं, राजधानीत सारं उघडच चालतं.

‘सिंहासन’चा वेग मला आजही थक्क करतो. एवढी पात्रं आहेत, तरी कोण कोणाच्या बाजूला आहे याचा गोंधळ होत नाही. कारण प्रत्येक प्रसंगात कोणीतरी काहीतरी विकत घेत असतं वा विकत असतं. ‘घाशीराम’मध्ये माणसांच्या भिंतीने जे केलं, ते इथे मंत्रालयाचे व्हरांडे, गाड्या आणि टेलिफोन करतात.

त्याच काळात इटलीत

याच वर्षांत इटलीत एलिओ पेत्री हा दिग्दर्शक सत्तेवरचे बोचरे चित्रपट करत होता. जन्म रोमचा, १९२९चा. कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात तो चित्रपटांवर लिहायचा आणि १९५६मध्ये रशियाने हंगेरीत रणगाडे घातल्यावर पक्षातून बाहेर पडला. त्याच्या १९७०च्या गाजलेल्या चित्रपटात एक बडा पोलीस अधिकारी आपल्या प्रेयसीचा खून करतो आणि पुरावे मुद्दाम मागे ठेवतो. आपल्यावर संशय घेण्याची कोणाची छाती होते का, हे त्याला पाहायचं असतं. परदेशी चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. पुढे कारखान्यातल्या कामगाराची घुसमट दाखवणाऱ्या चित्रपटासाठी १९७२मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. दोन्हींत ज्यान मारिया व्होलोन्ते हा नट, दोन्हींना एनिओ मॉरिकोनेचं संगीत आणि लेखनात उगो पिर्रोची साथ. तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या माणसाने तो कामगाराचा चित्रपट जरूर पाहावा. यंत्राच्या ठेक्याला बांधलेलं शरीर, बोट तुटेपर्यंतची घाई आणि दारावर घोषणा देणारे विद्यार्थी, हे त्याला परकं वाटणार नाही.

१९७६मध्ये पेत्रीने सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षावर ‘तोदो मोदो’ केला. त्यातल्या नेत्यात त्याच पक्षाच्या आल्दो मोरो यांची छबी स्पष्ट होती. दोन वर्षांनी दहशतवाद्यांनी मोरो यांचं अपहरण करून खून केला आणि तो चित्रपट बराच काळ दिसेनासा झाला. पेत्री १९८२मध्ये वारला तेव्हा ५३ वर्षांचा होता.

पेत्री आणि पटेल यांची जातकुळी एक असली तरी हात वेगळा आहे. पेत्री सगळं ताणतो. चेहरे, आवाज, खोल्या, सगळं वास्तवाच्या पलीकडे नेतो. पटेल ताणत नाहीत. हिंदुराव वा जिवाजीराव आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या बैठकीत सहज खपून जातील. मला पटेलांची रीत जास्त अवघड वाटते. फुगवलेला माणूस प्रेक्षक स्वतःपासून लांब ठेवू शकतो, ओळखीचा माणूस ठेवता येत नाही.

बाईची संस्था, सोंगाड्याचं राजकारण

‘सामना’ आणि ‘सिंहासन’ यांच्या मध्ये १९७७चा ‘जैत रे जैत’ आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकरांचं जग, ना. धों. महानोर यांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. राजकीय उपहासाशी त्याचा थेट संबंध नाही, म्हणून इथे थांबत नाही.

‘उंबरठा’ १९८२चा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि तिला कळतं की संस्था चालवणाऱ्यांना आश्रमातल्या बायकांपेक्षा संस्थेचं नाव प्यारं आहे. आमदाराचा हात तिथेही पोचलेला असतो. इथे खुर्चीसमोरचा माणूस ही बाई आहे आणि तिची किंमत दुहेरी आहे. संस्था जाते आणि परत यावं तर घरातली जागाही गेलेली. स्मिता पाटीलचं काम पाहताना ‘सामना’तल्या मास्तरला जी मोकळीक होती ती हिला कधीच नव्हती, हे जाणवत राहतं. मास्तर घरदार नसलेला पुरुष होता, त्याला गमावण्यासारखं थोडंच होतं.

‘एक होता विदूषक’ १९९२चा, पटकथा पु. ल. देशपांडे यांची. तमासगिरिणीचा मुलगा आबूराव सोंगाड्या होतो, चित्रपटाचा नट होतो आणि मग राजकारणी त्याच्या लोकप्रियतेवर डोळा ठेवतात. लक्ष्मीकांत बेर्डे यांना हसवण्यापलीकडचं काम करायची संधी इथे मिळाली आणि त्यांनी तिचं सोनं केलं. प्रेक्षकांना नेहमीचा लक्ष्या हवा होता, त्यामुळे चित्रपट चालला नाही. राष्ट्रीय पुरस्कार मात्र मिळाले. लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचा मिळाला, ही लावणीच्या परंपरेला मोठी दाद होती. माझ्या मते पटेलांच्या चित्रपटांत सर्वांत जास्त अन्याय याच्यावर झाला. वगातला जो सोंगाड्या राजाला बोल लावतो, त्यालाच राजाने पदरी घेतलं तर काय होईल, याचा विचार मराठीत कोणी इतका खोल केलेला नाही.

नंतरची वर्षं

‘मुक्ता’ १९९४मध्ये आला. मराठा घरातली, परदेशातून परतलेली मुलगी आणि दलित चळवळीतला तरुण कवी यांची गोष्ट. त्यानंतर पटेल चरित्रपटांकडे वळले. मामुट्टी यांनी साकारलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ २००० साली पडद्यावर आला. त्याच्या लेखनात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार होते आणि मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यशवंतराव चव्हाणांवरचा चित्रपट २०१४चा. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली आणि शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

चरित्रपटांत आदर असतो आणि आदराला प्रश्न विचारणं जड जातं. त्यामुळे १९७२ ते १९८२ या दहा वर्षांची धार पुढे तशी आली नाही. त्याला काळही कारण आहे. तेंडुलकर, साधू, लागू, फुले अशी माणसं एकाच वेळी एका दिग्दर्शकाभोवती असणं पुन्हा घडलं नाही. आणि ही माणसं चित्रपट संपल्यावर घरी जाणारी नव्हती. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू आणि निळूभाऊंनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी पैसा उभा केला.

पुढच्या पिढीत मकरंद अनासपुऱ्यांच्या २००९च्या ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’ने वगाची हसरी वाट पुन्हा धरली. ‘सामना’चा खरा वारस मात्र उमेश कुलकर्णी यांचा २०११चा ‘देऊळ’. गावात दत्त प्रकटतो आणि त्याच्या मागून टपऱ्या, ट्रस्ट, पुढारी सगळे येतात. हिंदुरावाला कारखाना लागायचा, इथे देवळावर भागतं.

इथे दाखवायचे झाले तर

पालघर, बोईसर वा मनोरच्या एखाद्या महाविद्यालयात, ग्रंथालयात हे चित्रपट दाखवायचे असतील तर ‘सामना’पासून सुरुवात करावी. भाषा सोपी आहे, गोष्ट सरळ चालते आणि गाव ओळखीचं वाटतं. ‘सिंहासन’ दुसऱ्या वेळी, आणि आधी दहा मिनिटं कोणीतरी १९७८चं राजकारण समजावून सांगावं. नाहीतर तरुण मुलांना फोनवरची अर्धी वाक्यं कळत नाहीत. ‘उंबरठा’ बचतगटाच्या बायकांना आणि अंगणवाडी-आशा ताईंना आवर्जून दाखवावा. चित्रपट संपला की लगेच दिवे लावून आभारप्रदर्शन करू नये. अर्धा तास राखून ठेवावा आणि पहिल्यांदा बोलायला ज्यांनी आजवर ग्रामसभेत हात वर केला आहे त्यांना सांगावं.